रात्याचा शेवटचा मुडा

आत्या,

तुझ्या दहाव्याला कावळा पटकन शिवला. रेतीबंदरावर पिंड मांडला, भटजी चार पावलं मागे सरले नाहीत तोच एक आला आणि त्याने सरळ भातात चोच घातली. सगळ्यांना हायसं वाटलं. "समाधानानं गेली हो बाई, काही मागे राहिलं नाही तिचं," असं जो तो म्हणायला लागला. मी ओढणी तोंडाला लावून उभी होते. लोकांना वाटलं रडतेय. मला मात्र धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं. तू समाधानाने का गेलीस ते तिथे मला एकटीला माहीत होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

शेवटच्या दिवशी तू तोंडावरचा मास्क हाताने वर केलास. नर्स ओरडली, तिला कुठली तू जुमानतेस! म्हणालीस, "सुले, रुजलं का गं?" मी म्हटलं, "हो आत्या, झकास रुजलंय." नुसतं हो म्हणून गप्प बसले असते तरी भागलं असतं. वर ते झकास कशाला चिकटवलं मेलीने, कोण जाणे. तू हसलीस. "मग यमुनेला ओंजलभर दे, विसरू नको," एवढं बोलून मास्क परत ओढून घेतलास. संध्याकाळच्या आत तू गेलीस.

आता इथे डोंबिवलीत कोणी विचारतं, तुमच्या आत्या काय करायच्या? मी सांगते, शेती करायची. मग विचारतात, कुठे, घाटावर का? नाही हो, इथेच, खाडीपलीकडे, आता पूल झालाय ना, त्याच्या पलीकडे. त्यावर लोक म्हणतात, तिथे तर सगळी गोडाऊन आहेत. हो, गोडाऊन आहेत. दोन गोडाऊनांच्या मधे माझ्या आत्याचं शेत होतं आणि त्यात ती राता पिकवायची. एवढं बोलून मी थांबते, कारण पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

खाऱ्या जमिनीत दुसरं भात उभंच राहत नाही. राता राहतो. लाल दाण्याचा, आखूड, दिसायला ओबडधोबड. तू मृगाचे चार चांगले पाऊस होऊ द्यायचीस, जमिनीतलं खारं पाणी बांधाच्या उघाडीतून खाडीत जाऊ द्यायचीस, आणि मग रोज सकाळी शेतात उतरून चिखल बोटावर घ्यायचीस आणि जिभेवर ठेवायचीस. मी लहान होते, मला किळस यायची. तू थुंकून म्हणायचीस, "अजून खारट हाय." एखाद्या दिवशी थुंकायची नाहीस, नुसती मान हलवायचीस. त्या दिवशी घरात धावपळ. भात गोणपाटात भिजत घालायचं, वर पेंढा, वर दगड, दोन दिवसांनी पांढरे मोड आले की तेच मुठीने चिखलात फेकायचं. रहू घालणं म्हणायचीस त्याला. एका हाताने मला कमरेवर धरून दुसऱ्या हाताने तू फेकायचीस, आणि मी पडेन म्हणून भोकाड पसरायचे. तू काही मला पाडलं नाहीस कधी.

ऋचाच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा तू होडीतून आलीस. पूल नव्हता तेव्हा. डोक्यावर रात्याची गोणी, काखेत बोचकं, आणि रेतीबंदरापासून माझ्या बिल्डिंगपर्यंत रिक्षा न करता चालत. सव्वा महिना रोज सकाळी लाल पेज. सासूबाई नाक मुरडायच्या, असला कसला तांबडा तांदूळ. तू त्यांच्या तोंडावर म्हणालीस, "विहीणबाई, हा खाऊन खारात उभं राहता येतं. तुमचा पांढरा खाऊन खुर्चीवर बसता येतं." मला दूध इतकं आलं की सासूबाईंची बोलती बंद झाली. मी तेव्हा तुला साधं बरं वाटलं गं एवढंही म्हटलं नाही. आपल्या माणसाला कुठे कोणी म्हणतं.

आपलं भांडण मात्र कधीच मिटलं नाही. मी म्हणायचे, "आत्या, सोड आता. तांदूळ काय, दुकानात ढिगाने मिळतो." तू विचारायचीस, "दुकानात कुठनं येतो?" मी म्हणायचे, येतो कुठून तरी, आंध्रातून, छत्तीसगडमधून. "तिथं पानी भरलं मंग? तिथल्या बांधावर कोन हाय?" मी कपाळाला हात लावायचे. मला वाटायचं म्हातारी हट्टी आहे, मुद्दा समजत नाही तिला. मी ठाण्याला ऑफिसात बसून बातम्या वाचायचे, समुद्र चढतोय, पाऊस बिघडलाय, आणि तुला फोन करून सांगायचे, जशी काही मलाच ती गोष्ट पहिल्यांदा कळली होती. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पेपरात आता आलं व्हय?"

गेल्याच्या आदल्या वर्षी भादव्यातलं उधाण बांधावरून आलं. पूर्वी बांधाला भोक पडलं की घरटी एक माणूस यायचं, दुपारपर्यंत बांध उभा. या खेपेला तू सगळ्या आळीत हाका मारत फिरलीस. पोरं गोडाऊनच्या शिफ्टला, बाकीच्यांनी शेतं विकलेली, त्यांना बांधाचं काय? आलात दोघीच, तू आणि तुझी मैत्रीण यमुनाकाकी. दोन पासष्टीच्या बायका, एक फावडं, एक घमेलं. मला शेजारच्यांचा फोन आला म्हणून मी ऑफिसच्या सँडलांवरच रिक्षा करून आले आणि बांधावरून तुझ्या अंगावर ओरडले, "वेड लागलंय का तुला? समुद्राशी भांडतेस?" तू गुडघाभर चिखलातून वर बघितलंस. "समुद्र कुठं, खाडी हाय ही. पोरपनापासनं वलखते मी तिला. पयली अशी नव्हती." मी सँडल काढून खाली उतरायला हवं होतं गं. मी काठावर उभी राहून तुझे फोटो काढले, तक्रारीला लावायला. तक्रार कोणाकडे करायची तेही कळलं नाही, ते फोटो अजून फोनमध्ये आहेत.

त्या वर्षी उभं भात लाल पडून वाळलं. थंडी पडली नाही म्हणून वालही फुलून गळाला. तरी गेल्या वर्षी तू जुनं बी काढून परत रहू घातलीस आणि राता आला, कमरेएवढा आला. तू फोनवर किती बोललीस त्या दिवशी! दिवाळीत कापणी झाली, पेंढ्या शेतात वाळत पडल्या, आणि पाऊस आला. दिवाळीतला पाऊस, तोही चार दिवस झोडपून. मी भाऊबीज उरकून आले तेव्हा तू शेतात बसली होतीस, मांडीवर पेंढी घेऊन. कापलेल्या कणसातल्या दाण्यांना मोड आले होते. पांढरे, लुसलुशीत, तुला रहूला हवे असायचे तसे. तू एकेक कणीस उलटं करून बघत होतीस. तू रडली असतीस तर मला काही तरी करता आलं असतं.

पावसाच्या आदल्या दिवशी तू वरच्या तुकड्यातल्या थोड्या पेंढ्या घरात आणल्या होत्यास, त्या वाचल्या. त्याचं सगळं मिळून एक मुडा बी झालं. तू पेंढ्यात गुंडाळलंस, सुंभाने आवळून गोल केलंस आणि चुलीवर टांगलंस, धुरात. यमुनाकाकीचं सगळं गेलं होतं. तू म्हणालीस, अर्धा मुडा तिला देते. आपल्याकडे बी विकत नाहीत, द्यायचं असतं, आणि आपलं बुडालं की ज्याला दिलं त्याच्याकडे मागायचं असतं. हे मी तुझ्याकडूनच शिकले होते. तरी मी तुझा हात धरला. "आधी तुझं बघ. या वर्षी कोणाला काही देऊ नकोस." जन्मभर कधी माझं ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं तेव्हा.

मार्चमध्ये तुला धाप लागायला लागली आणि मी तुला डोंबिवलीला आणलं. तू दोन लुगडी घेतलीस आणि मुडा घेतलास. घरात शिरल्या शिरल्या नळाचं पाणी चाखलंस. "टँकरचं ना? हे पन खारं झालं की गं," म्हणालीस, आणि ऋचा खो-खो हसली. मग तू गॅसच्या वर खिळा कुठे ठोकायचा ते शोधायला लागलीस. आपली कसली जुंपली होती! मी म्हटलं, "नवीन किचन आहे आत्या, त्यात पेंढा? झुरळं होतील, उंदीर येतील, सोसायटीवाले मला बाहेर काढतील." तू म्हणालीस, "धूर नाय तर नाय, निदान वारा लागू दे, ऊन दाव." मी म्हटलं, "हो, हो, मी बघते."

काय बघितलं मी? जुन्या गादीचं जाड प्लास्टिक होतं, त्यात मुडा गुंडाळला, चिकटपट्टीने गच्च बंद केला आणि बाथरूमवरच्या माळ्यावर ढकलला. वर्षाचे गहू ठेवते तसा. खालून गीझरची वाफ, वरून स्लॅब तापलेला, आणि या वर्षीचा उन्हाळा कसा होता ते तुला मी काय सांगू, त्यानेच तर तुझा श्वास खाल्ला. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. तुझ्या चुलीपाशी वाढलेली मी. गहू पोटात जायला ठेवतात आणि बी जिवंत राहायला ठेवतात, एवढं मला चौथीतसुद्धा कळत होतं. तू दोनदा विचारलंस, ऊन दावलं का? मी दोनदा हो म्हटलं. म्हणजे खोटं बोलायची सवय मला हॉस्पिटलात लागलेली नव्हती.

तुला ॲडमिट केलं त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला. तू पलंगावरून हुकूम सोडलास, "मूठभर काढ, ओल्या फडक्यात बांध, तीन दिवसांनी बघ." मी माळ्यावर चढले. प्लास्टिक कापलं आणि असा वास आला, आत्या, कुबट, आंबट, की मी तिथेच शिडीवर बसले. पेंढा काळा पडलेला. दाणे एकमेकांना चिकटलेले, मधे जाळ्या, आणि सोंडे किड्यांचं पीठ. तरी मी मूठभर निवडले, तुझ्याच जुन्या लुगड्याचं फडकं भिजवलं, बांधलं, ऑफिसला जाताना आणि आल्यावर शिंपडत राहिले. तिसऱ्या दिवशी उघडलं. काही नाही. चौथ्या दिवशी एका दाण्याला टोक आलं होतं, पांढरं. मी ऋचाला हाक मारली, दोघी जणी नाचलो. पाचव्या दिवशी ते टोक काळं पडलं.

मग मी गावात गेले. तुला सांगितलं ऑफिसला जातेय. घरोघर विचारलं, राता आहे का कोणाकडे, मूठभर, चिमूटभर? ज्यांना तू वर्षानुवर्षं ओंजळी भरून दिलंस त्यांची दारं ती. कोणी म्हणालं, आम्ही कधीच सोडला तो, पाकिटातलं बी आणतो. कोणी म्हणालं, शेतच नाही आता. एक म्हातारे म्हणाले, "तुझ्या आत्याकडं असंल बघ. तिच्याकडं कायम असतं." मी हो म्हणून निघाले. दुसऱ्याच दिवशी तू विचारलंस, रुजलं का गं, आणि मी झकास म्हटलं. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाला कशाला. निदान ती तरी सुखाने जाऊ दे. फार मोठेपणा केला असं वाटलं होतं मला त्या वेळी.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं झाली, गावची माणसं टेम्पोत बसली, पण यमुनाकाकी बसली नाही. "तुम्ही व्हा पुढं, माझं काम हाय." हात धुऊन आत आली आणि पिशवीतून कडीचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. घासून लख्ख केलेला, रिकामा. "दे गं माझं बी."

ती म्हणाली, "अगं, तिनं फोन केला व्हता. तुझ्या पोरीनं लावून दिला, तू औषधं आनाला गेलेलीस तवा. बोलली, यमुने, रुजलंय बग, सुली देईल तुला. श्वास पुरत नव्हता पन हसत व्हती. अजून दोन पावसानी माती ग्वाड झाली की रहू घाल बोलली." मला हे काहीच माहीत नव्हतं. तू माझं खोटं तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला वाटून टाकलंस, आत्या, जसं बी वाटायचीस तसं.

मी माळ्यावरून मुडा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. काकीने चार दाणे तळहातावर घेतले, चोळले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला. तो पीठ होऊन पडला. मी तिचे पाय धरले. म्हटलं, काकी, मी मारलं गं हे, प्लास्टिकमध्ये कोंडून मारलं, आणि ती तुला देणार होती तेव्हाही मीच अडवलं तिला. शिव्या दे मला. तिने शिव्या दिल्या नाहीत. दाणे परत मुड्यात टाकले आणि विचारलं, "तिला सांगितलंस?"

मी म्हटलं, "नाही. रुजलं म्हणून सांगितलं."

"सांगायचं व्हतं गं पोरी," काकी म्हणाली. "मागं एकदा तिनं एक मुडा दिला व्हता, लांब, कुठल्या तरी खारातल्या गावाला. सोयरिकीतलं कोन तरी व्हतं. मी इचारलं तर बोलली, असू दे एक मुडा बाहेर, कदी लागला तर. कोनाला दिला ते तिलाच ठावं. तू खरं बोलली असतीस तर नाव घेतलं असतं तिनं."

आत्या, तू मास्क वर केलास तेव्हा तुझ्यात अजून बोलण्याइतका श्वास होता. यमुनेला ओंजळभर दे, एवढं वाक्य तू बोललीस. तेवढ्या श्वासात एक नाव बसलं असतं.

काकी उठली. रिकामं भांडं परत पाठवू नये, हेही तूच शिकवलेलं. मी तिच्या हातातून डबा घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यात तांदूळ भरला. दुकानातला, पाकीट फोडून, पांढराशुभ्र, एक खडा नाही. काकीने झाकण उघडून आत बघितलं. बोटांनी जरा हलवलं.

"हे शिजंल," ती म्हणाली. "रुजनार नाय."

तरी तिने डबा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरली. मी गॅलरीतून बघत राहिले. पाऊस उघडला होता. ती रिक्षा न करता पुलाच्या दिशेने चालत गेली, तुझ्यासारखीच.

आज सकाळपासून मी गावच्या घरातून मागवलेली तुझी ट्रंक उपसतेय. लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या, कुठल्या तरी बारशाचे फोटो. प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून बघतेय. ऋचा म्हणते, आई, पुरे आता, जेव. मी जेवले नाही. आत्या, आता खरं सांगते. रुजलं नाही. एकही दाणा रुजला नाही. सांग ना गं, कोणाला दिलं होतंस?